संध्याकाळचा नळ

गल्लीच्या तोंडाशी एक माणूस रस्त्यातच गुडघे टेकून बसला होता, आणि समीक्षा त्याच्यावर आदळता आदळता वाचली.

दोष तिचाही नव्हता. अंगावर कंडक्टरची खाकी, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर लेकीचे पाढे घेणं चालू. घरी पोचल्यावर पाढे घेत बसलं तर भाजी कधी निवडायची?

“सात सक?”

“बेचाळीस.”

“सात साती—” आणि पाय अडखळला.

“सांभाळून, मॅडम,” खालून आवाज आला. “घाई नका करू. अजून सोडलं नाई मी.”

“काय सोडलं नाई?”

“पाणी.”

त्याच्यासमोर रस्त्यातल्या खड्ड्यात पाण्याच्या वॉलची लांब लोखंडी चावी उभी होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, कपाळाला चिखलाचा एक ठिपका, आणि चेहऱ्यावर हसू… म्हणजे हा नवा नळ सोडणारा. आधीचे म्हातारे काका निवृत्त झाल्याचं तिनं ऐकलं होतं.

“आमच्या इकडं नळ सकाळी येते,” ती म्हणाली.

“आजपासून सांजच्याला येईन.” त्यानं चावीला हात घातला. “दारव्ह्याची गाडी आज वेळेवर आली म्हणा की.”

समीक्षा जागच्या जागी थांबली. आपण कोणत्या गाडीवर होतो, हे या माणसाला कसं ठाऊक? तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. तो मात्र मान खाली घालून चावी फिरवत होता. जमिनीखाली हवा फुसफुसली, मग पाणी धावत गेल्याचा आवाज आला, आणि ती मेथी सावरत घराकडं पळाली.

संशय घेणं हा समीक्षाचा धंदाच होता. पंच्याहत्तरी उलटली म्हणून फुकट बसणारे, पण केसाला ताजी मेंदी लावलेले गडी; आईनं मांडीवर दाबून धरलेला, मिसरूड फुटलेला ‘पाच वर्षांचा’ पोरगा; तिकीट मागच्यानं काढलं म्हणणारे आणि मागं कोणीच नसणारे… अशांच्यात तिचा दिवस जायचा. उरलासुरला संशय नवऱ्यानं शिकवला होता. तो पुण्याला काम पाहतो म्हणून गेला आणि दुसरा संसार पाहून, कोर्टातून सोडचिठ्ठी धाडून तिकडंच राहिला. तेव्हापासून कोणी फुकट हसलं तरी तिला वाटायचं, याला काय पाहिजे असेल?

त्या दिवसापासून नळ संध्याकाळी येऊ लागला. चार-पाच दिवसांनी एकदा येणारं पाणी, पण येणार ते ती घरी पोचल्यावरच. याआधी फार हाल झाले होते. पहाटे स्वयंपाक करून, लेकीचा, यशूचा डबा भरून ती पहिल्या गाडीवर जायची. शेजारच्या तानाबाई यशूला उठवून, न्हाऊ-माखू घालून शाळेच्या ऑटोत बसवायच्या आणि कापूस वेचायला निघून जायच्या. नळ यायचा तो नेमका त्यानंतर. मग दोघींचेही ड्रम कोरडे, आणि रात्रीचं पाणी घरमालकाच्या बोअरवरून, त्यांची बोलणी ऐकत.

आता ड्रम काठोकाठ भरत होते. त्यानं समीक्षाला सुख व्हायला हवं होतं. तिची मात्र झोप उडाली.

“तुह्यासाठीच येते वो नळ,” तानाबाई पाइप धरून डोळे मिचकावायच्या. “तू चप्पल काढली का नळाची धार सुरू. मह्या लग्नाच्या नवऱ्यानं मले कधी तांब्याभर पाणी देल्लं नाई.”

“काईबी नका बोलू, मावशी.”

“मी नाई बोलत. गल्ली बोलून राह्यली.”

गल्ली बोलत होती, हे खरंच होतं. आणि एका संध्याकाळी घरमालक बापूजी तिच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले.

“मॅडम, त्या नळवाल्याचं काय हाय?”

“माहं काई नाई, बापूजी.”

“नसन तर बरंच हाय. एकट्या बाईले खोली देतानाच म्या सांगतलं होतं, मले भानगड नको. कोणा एकीच्या सोयीनं गावाचं पाणी फिरत असन, तर ती खोली दुसऱ्याले देणं मले जड नाई.”

ते गेले. समीक्षा ओट्यावरच बसली. खोली गेली तर तानाबाई गेल्या. तानाबाई गेल्या तर पहाटे यशूला पाहायला कोणी नाही, आणि पहाटेची गाडी गेली तर मग पोटाचं काय? तिचा सगळा दिवस त्या एका खोलीवर रचलेला होता.

पुढच्या वेळी ती गल्लीच्या तोंडाशी मुद्दाम थांबली. तो होताच, चावी खांद्याला टेकवून.

“नाव काय तुमचं?”

“कपिल.” तो दचकून उभा राहिला. “काहून? कमी येते का पाणी?”

“पाणी चांगलं येते. तेच विचारून राह्यली. माह्या गाडीची वेळ तुमाले कोण सांगते?”

“स्टँडसमोरच माहा पहिला वॉल हाय जी. सगळ्याच गाड्या दिसते मले.”

“आन मी आल्यावरच नळ सोडायचं कोणी सांगतलं? मी कधी बोलली तुमाले? हसली तरी? गल्लीत माहं नाव खराब होऊन राह्यलं, मालक खोली खाली करा म्हणते, आन तुमी इथं…”

बोलता बोलता तिचा आवाज चढला. समोरच्या घरातली बाई दारात आली. कपिलचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला.

“मॅडम… ते तुमच्यासाठी नाई.”

“मंग?”

“निकीसाठी हाय. पोरगी माही. दुसरीत हाय.” तो चावीकडं पाहत राहिला. “तिची आई गेली तवा ती रांगत होती. सकाळी तिचा डबा, तिची आंघोळ, तिची वेणी… त्यात नळ सोडाले उशीर होये. म्हणून साहेबाले अर्ज देल्ला, या भागाची पाळी शाळा आहे तोवर सांजची करा म्हणून.”

समीक्षाला वाटलं, वॉलच्या खड्ड्यात उतरावं आणि वरून झाकण ओढून घ्यावं.

“मले वाटलं…”

“तुमाले काय वाटलं ते समजलं मले,” तो म्हणाला, आणि इतका वेळ दाबलेलं हसू त्याच्या ओठावर आलंच. “पण हसली तरी का, असं विचारलं ना तुमी? एकदा हसल्या होत्या. फोनवर. पोरीचा पाढा चुकला तवा.”

ती वळून चालू लागली, आणि चार पावलांवर तिला भान आलं की आपण पदर नसताना खाकी ओढणीच बोटाला गुंडाळतो आहोत.

दुसऱ्या दिवशी कपिल निकीचा हात धरून बापूजींच्या ओट्यावर गेला आणि अर्जाची गोष्ट सगळ्यांदेखत सांगितली. निकीची वेणी एका कानावर चढलेली, दुसऱ्या बाजूला सुटलेली. तिच्याकडं पाहूनच बापूजींचा अर्धा राग गेला. वेचणीला जाणाऱ्या बायकाही म्हणाल्या, सांजचाच नळ बरा, आमी तरी घरी राह्यतो.

प्रकरण तिथं मिटायला हवं होतं. पण लग्नसराई आली आणि शाळेचा ऑटोवाला वराती वाहायला पळाला. समीक्षा गाडीतून फोन करून करून थकली, एक ऑटो मिळेना. संध्याकाळी पाण्याच्या वेळी कपिल म्हणाला, “निकीची न् यशूची शाळा एकच हाय. तानामावशीच्या ओट्यावरून मी दोघींले घेऊन जाईन, आन आणून सोडीन.”

“बदल्यात काय पाह्यजे?”

“काईच नाई.”

“मंग नको. फुकटचं मले पचत नाई.”

त्यानं डोकं खाजवलं. “बरं… वेणी घालून द्या तिची. सांजच्याला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत राह्यली पाह्यजे, अशी.”

हे तिला पटलं. तरी पहिल्या दिवशी तिनं प्रत्येक थांब्यावरून फोन केला. पोचल्या का, चप्पल कोणती घातली, डबा कोणी दिला… शेवटी कपिल म्हणाला, “मॅडम, तुमी तिकडं तिकीट फाडता का नाई? का गाडी फुकट चालली?” आणि भरल्या गाडीत कंडक्टर मॅडम एकट्याच हसल्या.

मग संध्याकाळ झाली की दोन्ही पोरी ओट्यावर पाठमोऱ्या बसू लागल्या. समीक्षा दातात रिबन धरून वेण्या घालायची, नळाच्या दिवशी ड्रममध्ये धार पडत असायची, ओल्या मातीचा वास उठायचा. कपिल वॉल उघडून गल्लीतून धार पाहत यायचा. तिच्या ड्रमपाशी आला की पाइपाला काही न होताही तो पाइप नीट करायचा. ती पाहायची… आणि पाहत नाही असं दाखवायची. निकी तिला ‘वेणीवाली मम्मी’ म्हणू लागली, तेव्हा मात्र दोघंही एकदम आभाळाकडं बघायला लागले. आभाळात काहीच नव्हतं.

पण संशय जुना भाडेकरू असतो, सहज खोली सोडत नाही. मे लागला, शाळेला सुट्ट्या झाल्या. निकी आजीकडं केळापूरला गेली. वेचणी केव्हाच संपली होती. बायका दिवसभर घरीच असायच्या. संध्याकाळी जमिनीतून वाफा निघायच्या, नळातून पाणी चटका बसेल इतकं कढत यायचं. सगळ्या जणी म्हणू लागल्या, आता नळ सकाळच्या गारव्यात सोडा. तरी नळ संध्याकाळीच येत होता.

समीक्षाचं डोकं चाललं. तिनं त्याला वॉलवर गाठलं.

“निकी कुठं हाय?”

“केळापूरले.”

“शाळा?”

“बंद.”

“अर्ज कुठवर होता?”

कपिलनं चावीला हात घातला.

“शाळा आहे तोवर, असं तुमीच म्हणाले होते. मंग हा नळ आता कोणासाठी येऊन राह्यला?”

तो चावीचा दांडा पुसू लागला. मग हळूच म्हणाला, “पाणी सोडलं का मी इथं कोपऱ्यावर थांबतो. आधी ड्रमात पाणी पडल्याचा आवाज येते. मंग तुमी यशूवर ओरडता, ते येते. भाजीचा वास येते… मले वाटते, कोणाचं तरी घर भरून राह्यलं, आन मी जवळच हाय.” त्यानं चावी खांद्यावर घेतली. “सकाळी सोडला असता, तर तुमी गाडीवर. बस, एवढंच.”

समीक्षाच्या छातीत काहीतरी फुसफुसत वर आलं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

“म्हणजे बापूजी म्हणत होते ते खरं करून ठेवलं तुमी. माह्यापायी अख्खी गल्ली कढत पाणी भरते!”

“चुकलं माहं.”

“उद्यापासून सकाळी सोडा.”

“सोडतो,” तो म्हणाला. तिनं पाहिलं, त्यानं एकदाही विचारलं नाही की मग आपण पुन्हा कधी भेटायचं. मागण्यासारखं बरंच होतं, आणि त्यानं काही मागितलं नाही. त्या रात्री पोळ्या लाटताना समीक्षाला एवढीच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली.

पुढचा नळ सकाळी आला. समीक्षानं त्या दिवशी ड्युटी बदलून घेतली होती. गल्ली खुशीत होती, पाणी गार होतं, बापूजी धोतर आवरत ओट्यावर उभे होते. कपिल नेहमीसारखा धार पाहत आला, पण तिच्या ड्रमपाशी न थांबता खाली मान घालून पुढं निघाला.

“आला एकदाचा नळ ठिकाणावर,” बापूजी म्हणाले. “पण मॅडम, तुमचं कसं होईन? तुमी तर पहाटेच जाता.”

“माहे ड्रम हे भरतीन,” समीक्षानं कपिलकडं बोट दाखवलं.

बापूजींच्या भुवया वर गेल्या. “कोणत्या नात्यानं?”

गल्लीतल्या साऱ्या बायकांचे हात थांबले. बापूजींच्या हातात तिची खोली होती, आणि खोलीबरोबर सगळा दिवस. समीक्षानं एकदा यशूकडं पाहिलं. यशू दात घासता घासता थांबली होती.

“लग्न करून राह्यलो आमी,” ती म्हणाली. “आता सांगा, खोली ठेवता का खाली करू?”

बापूजींचं तोंड उघडंच राहिलं. तानाबाई पाइप सोडून धावल्या. “नाई ठेवत म्हटलं ना बापूजी, तर माही पण खोली खाली समजा!”

“अवो, मी कुठं काय म्हटलं?” बापूजी पुटपुटले. “लग्न म्हणजे भानगड थोडीच हाय.”

“आमी?” कपिल अजून तिथंच अडकला होता. “मले तर कोणी विचारलंच नाई.”

“आता विचारते. नाई म्हणता का?”

त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसावं. डोळे भरले होते. “पण… निकीले विचारा लागन.”

“विचारलं. काल केळापूरले फोन केला, गाडी थांब्यावर होती तवा.”

“काय म्हणाली?”

“तिनं विचारलं, मले केळापूरले घ्याले येशीन का?”

“मंग?”

“खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, ड्युटी पाहून.”

कपिल एक पाऊल पुढं आला. “आन ती?”

समीक्षानं त्याच्या हातात पाइप दिला, आणि पहिल्यांदाच त्याच्या नजरेत नजर घालून हसली.

“ती म्हणाली, चालन. पप्पा पण असंच म्हणते.”