कोळशातली ओल

वाळलेल्या कोळशाची पूड ती वजनाच्या काट्यावर ठेवत होती, तेवढ्यात प्रयोगशाळेचं दार धाडकन उघडलं. वारा आत घुसला आणि तिची सकाळपासूनची मेहनत उडून तिच्याच तोंडावर बसली.

"सॉरी... कोळसा तुम्हीच तपासता का?"

"छे, मी पावडर लावून बसलेय," ती म्हणाली. "दिसत नाही?"

त्याला हसू आवरेना. मग काळ्या नाकासकट तीही हसली.

तो वीजकेंद्रात नुकताच आलेला इंजिनियर. धुराड्यातून इतका गरम धूर फुकट जातो, याची त्याला भारी हळहळ. म्हणून सगळे त्याला 'धूरवाले साहेब' म्हणायचे. बाहेर पावसाची झड लागलेली, आवारातला कोळसा चिंब. असा कोळसा भट्टीत गेला की त्याची बरीच ताकद स्वतःचंच पाणी आटवण्यात जाते. थोडा धूर वळवून त्यावर कोळसा आधीच वाळवला, तर तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागेल, असं त्याचं म्हणणं. आणि कोळशात ओल किती उरली, हे सांगायचं काम तिचं.

नमुन्याचा डबा शिपायाकडून पाठवता आला असता. पण तो रोज स्वतःच येऊ लागला.

"आज ओल किती?"

"अठ्ठावीस टक्के."

"आणि... तपासणाऱ्यांच्या मनात?"

"ती मोजायची सोय इथे नाही," काट्यावरची नजर न काढता ती म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

चाचणी गुरुवारी ठरली. वरिष्ठ बघायला येणार होते. बुधवारी त्याने आणलेल्या नमुन्यात ओल पंधरा टक्के हवी होती, निघाली चार. डबा हाताला अजून कोमट लागत होता.

"मी अहवालावर सही करणार नाही."

"अहो, जास्त वाळला तर चांगलंच ना?"

"इतकी कोरडी पूड पेटते." तिचा आवाज खाली आला. "माझे बाबा इथेच कोळशाच्या चक्कीवर होते. एक दिवस अशीच पेटली. डावा हात खांद्यापर्यंत भाजला. अजून सदऱ्याची बटणं आई लावते."

तो डबा उचलून निघून गेला.

घरी बाबांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?"

"एकाला नाही म्हणाले."

"कोळशावरून, की...?"

"बाबा!"

दुसऱ्या दिवशी कळलं, धूरवाल्या साहेबांनी स्वतः जाऊन चाचणी पुढे ढकलायला लावली. वरिष्ठांची बोलणीही खाल्ली. मग नऊ दिवस तो फिरकलाच नाही. धुराची वाट अरुंद करण्यात आणि गळकी झाकणं बदलण्यात गुंतला होता. दहाव्या दिवशी तो नमुना घेऊन आला. ओल – बरोबर पंधरा! तिने सही केली आणि हळूच म्हणाली, "जपून हं..."

दुपारी चाचणी सुरू झाली. तो चक्कीपाशीच उभा राहणार होता. तिचं कशात लक्ष लागेना. आणि एकदम भोंगा झाला. ती तशीच धावत सुटली. आवारात पाहते तर लोक जेवणाचे डबे हलवत, गप्पा मारत घरी निघालेले. भोंगा पाळी सुटल्याचा होता. ती पायरीवर मटकन बसली.

तेवढ्यात तो पळत आला. तोंड काळंकुट्ट, फक्त दात पांढरे.

"चाललं सगळं! वीज तेवढीच, कोळसा कमी... अहो, तुम्ही रडताय?"

"भोंगा झाला... मला वाटलं..."

पुढे बोलवेना. तिने त्याचे दोन्ही हात धरले, उलटसुलट करून पाहिले. काळे होते, पण धड होते. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं तिला, आणि त्या भरात जे कधी बोलली नसती, ते ती बोलून गेली.

"मला तू आवडतोस. आता धूर बाजूला ठेव आणि काहीतरी बोल."

एरवी धुरावर तासभर बोलणारा माणूस अडखळू लागला.

"अहो, मी... म्हणजे... अगं..."

"काय?"

"अगं, पहिल्या दिवसापासून! रोज डबा घेऊन दुसरं कोण येतं?"

आणि सुटलेल्या सगळ्या पाळीच्या देखत ती पायरीवर बसून खळखळून हसत सुटली.