ठिपक्याचा चांगला फोटो

बसा पाव्हणं. सिल्लोडहून एवढ्या उन्हात आलात, तेबी एका कुत्र्यासाठी. ठिपक्याचा जो फोटो तुमच्या मोबाइलवर आला, तो मीच काढलाय. चांगला आलाय, सगळेच म्हणतात.

आमचे मालक पोळ्याच्या आधी गेले. पोरगा रामेश्वर पुण्याला असतो. तो म्हणला, "आई, तू इकडं ये. पण ठिपक्याला आणता यायचं नाय, बिल्डिंगवाले ऐकत नाहीत. त्याचा एक चांगला फोटो पाठव, कुणीतरी सांभाळंल." म्हंजी फोटो निघाला तर मुक्या जिवाला घर, नाय तर हर्सूलच्या रोडवर ट्रकखाली. मला रडू यायला पायजे होतं. आलं नाय. मालक गेल्यापास्नं आतून सगळं बधिर हाय.

फोटो काय निघंना. मोबाइल धरला की ठिपक्या माझ्याकडं पाठ करून बसायचा. शेपूट अन् दोन कान, एवढंच यायचं. रामेश्वर फोनवर सांगायचा, त्याच्याएवढी खाली बस, बिस्कीट मोबाइलच्या वर धर. तसंबी केलं. बिस्कीट खाल्लं अन् परत पाठ. त्याचा तरी काय दोष. पिशोरला दिराच्या मेंढरांमागं वाढलेलं कुत्रं ते. मालक म्हणायचे, "राखणीचं कुत्रं कळपाकडं पाठ करतं अन् लांडग्याकडं तोंड. तुझ्याकडं पाठ करतंय, म्हंजी तू त्याची हायेस."

मागल्या आठवड्यात शेजारची रत्नमाला आली मदतीला. दिवेलागणीची वेळ होती, गल्लीत फोडणीचा वास सुटला होता. ती उंबऱ्यावर बसली. म्हणली, "बानाक्का, मी हाक मारते, तुम्ही काढा."

हाक मारायची गरजच पडली नाय. ठिपक्या उठला, रत्नमालाच्या पायाशी गेला, तिच्याकडं पाठ केली अन् माझ्याकडं तोंड करून बसला. नजर हलंना. मी फोटो काढला.

"घ्या, आला की वठणीवर," रत्नमाला हसली. त्याच्या पाठीवर हात ठेवला अन् हसायची थांबली. "याचे केस उभे झालेत, अक्का... थरथरतोय..."

मग तिनं माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. "येते मी, कुकर लावलाय," म्हणली अन् चपला हातातच घेऊन गेली. परत आली नाय.

तवापास्नं ठिपक्या दारातच बसतो. पोरंबाळं, भाजीवाला, शेळ्या, सगळ्या गल्लीकडं पाठ. तोंड आत, माझ्याकडं. मी उंबऱ्याकडं निघाले की उभा राहतो. भुंकत नाय, नुसता उभा. रामेश्वरला सांगितलं तर म्हणला, "म्हातारा झालाय, ओळख विसरला असंल." व्हय म्हणलं. खरं तर मला भ्या वाटायला पायजे होतं. तेबी वाटलं नाय.

तुम्ही मघाशी फाटकातून म्हणत होता, कुत्रं बाहेर आणा. मला त्याच्यापुढून बाहेर येता येत नाय, म्हणून तुम्हालाच आत बोलावलं. आता बघा, तुमच्या पायाशी येऊन बसला, पाठ करून. गुरगुरतोय... तुमच्यावर नाय, पाव्हणं. माझ्यावर.

पट्टा राहू द्या. असं घाईनं उठू नका...

कितीतरी दिवसांनी आज मला भूक लागलीय.