ड्रायरसमोरचा पाट

बसा हो, बसा. लाइट गेली म्हणजे आता साडेसातशिवाय येत नाही, आणि अंधारात तुमचा मिक्सर खोलायला मी काही घुबड नाही. थांबा, मेणबत्ती लावतो. मघाशी हसत हसत विचारलंत ना, "गोरक्षभाऊ, भुतंबितं मानता का?" म्हणून? तर ऐकाच आता. मात्र मधे हसायचं नाही.

दोन हजार चार सालचा ऑगस्ट. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर समाधान बोरसे राहायचे. सहा वर्षं कुवेतला होते, तिथून येताना कपडे वाळवायचा ड्रायर घेऊन आले. आपल्या वॉशिंग मशीनमधला ड्रायर नव्हे हो, तो नुसता पिळतो. हा गरम हवेनं खडखडीत वाळवतो. आत कॉइल तापते, ड्रम फिरतो, आणि दमट हवा मागच्या जाड पाइपातून बाहेर जाते. नाशकात तेव्हा असली मशीनं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यांना हात लावणारा मी एकटा. त्यामुळे डोकं जरा वरच असायचं माझं.

त्यांच्या मिसेसचा, छायाताईंचा फोन आला. "भाऊ, ड्रायर चालता चालता बंद पडतोय. दार आपोआप उघडतंय हो."

मला रागच आला. दीडच महिन्यापूर्वी तो ड्रायर मी चालू करून दिला होता, आणि माझ्या हातचं काम परत येत नाही असा मला भलताच माज होता. म्हटलं, दार नीट लावत नसतील, दुसरं काय! रेनकोट चढवला, स्कूटर काढली.

चार वाजले असतील, पण आभाळ इतकं भरलेलं की जिन्यात दिवे लावले होते. बोरसे अंबडला कंपनीत गेलेले. घरात छायाताई आणि पन्नास-पंचावन्न दिवसांचं बाळ, बस. त्यांची आई दोन महिने राहून नुकतीच मनमाडला परत गेली होती. मागची बाल्कनी काचा लावून बंद केलेली, तिथं ड्रायर. पलीकडे दोरीवर दुपटी, लंगोट, झबली, सगळी ओली. आठ दिवस ऊन नव्हतं, बाई तरी काय करणार!

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले. मी इथं उभी असले की छान चालतो. बाळ रडलं म्हणून आत गेले की... टक् करून दार उघडतं आणि मशीन बंद."

"ताई, मशीनला काय डोळे असतात, तुम्ही गेलात ते बघायला?"

त्या हसल्या नाहीत.

दाराची कडी तपासली. चांगली घट्ट होती. ते दार उघडायला मलाही जोर लावावा लागत होता. ओले लंगोट भरले, टायमर फिरवला, पुढ्यात उकिडवा बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ड्रम फिरतोय, गुरगुर चाललीय, दार ठाम. मनात म्हटलं, बघा, म्हणे आपोआप उघडतं! हात धुवायला उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. नळ सोडला मात्र...

टक्.

मागं फिरून आलो तर ड्रायरचं दार पूर्ण उघडं. ड्रम थांबलेला. आणि वास, हो. गरम कपड्यांचा नव्हे. निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकल्यावर येतो ना, तो. बाळंतिणीच्या खोलीतला वास.

"धुरी घातलीत का आत?" मी हळूच विचारलं.

छायाताई बेडरूमच्या दारात बाळाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "धुरी मावशी घालायच्या. त्या गेल्यापासून शेगडीसुद्धा पेटली नाही घरात."

"गेल्या म्हणजे?"

"रंगूमावशी. भाताची आवणी म्हणून पेठला घरी गेल्या, तिथंच तापानं वारल्या. पंधरा दिवस झाले, भाऊ."

मला सर्रकन काटा आला, कारण रंगूमावशी मला आठवल्या.

मागच्या वेळी मी आलो तेव्हा त्या याच बाल्कनीत होत्या. बाळ-बाळंतिणीचं मालीश करायला यायच्या. काळ्यासावळ्या, काटकुळ्या, पासष्टीच्या. समोर कोळशाची शेगडी, तिच्यावर पालथी टोपली, टोपलीवर बाळाचे लंगोट, आणि त्या शेजारी पाटावर बसलेल्या. मी सगळं काम करून निघेपर्यंत त्या पाटावरून हलल्या नाहीत. मी म्हटलं, "मावशी, मशीन आल्यावर आता कशाला ही कटकट?" तर म्हणाल्या, "इस्तवावर कपडा टाकला का उठाचं नाय, भाऊ. माझी धाकली पोर अशीच गेली. मी पान्याला गेल्ती."

आणि मी मशीनच्या मागं वाकून काम करत होतो तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं होतं. "ती तार कशाची टाकली रं?"

मी वैतागून म्हटलं होतं, "मावशी, तुम्ही तुमची शेगडी बघा. यातलं तुम्हाला काय कळतंय!"

त्या टोपलीवरचा लंगोट उलटा करत आपल्याशीच म्हणाल्या, "मंग राखन बसाया लागंल कुनीतरी."

ती तार! मशीनच्या मागच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन काढून घेतला, इतका चटका बसला. प्लग काढला. स्क्रू खोलले. पत्रा निघाला आणि माझंच काम माझ्यासमोर. माझी तार, माझी पिवळी टेप.

तुम्हाला समजेल असं सांगतो. असल्या मशीनला एक छोटा फ्यूज असतो. आतलं वाजवीपेक्षा तापलं की तो जळतो आणि मशीन बंद करतो. जीव वाचवायलाच बसवलेला असतो तो. दीड महिन्यापूर्वी तो जळालेला होता. नवा मुंबईहून मागवावा लागणार. छायाताई म्हणत होत्या, लंगोट वाळत नाहीत हो, काहीतरी करा. म्हणून मी फ्यूज वगळून तार टाकली, डायरेक्ट केलं. म्हटलं, पार्ट आला की बसवू. पार्ट आठ दिवसांत आला. काड्यापेटीत घालून पिशवीच्या तळाशी ठेवला आणि साफ विसरलो. फ्यूज मुळात कशामुळे जळाला, हे तर मी बघितलंच नव्हतं!

ते आता बघितलं. पाइपात कपड्यांची लव ठासून भरलेली. बाल्कनीबाहेर पाइपाचं तोंड होतं तिथं कबुतरं शिरू नयेत म्हणून बोरशांनी मच्छरदाणीचा तुकडा बांधला होता, त्यावर लव बसून बसून गादीच झालेली. हवा बाहेर जाणार कुठून? थर्मोस्टॅट चिकटलेला, म्हणजे कॉइल तापत सुटली की थांबवणारं काहीच नाही. कॉइलजवळची लव तपकिरी, आणि कडेला काळी पडलेली. जळकी. आणखी पाच-दहा मिनिटं चालली असती की पेट घेतला असता.

म्हणजे पंधरा दिवस, दर वेळी, थांबवत होतं ते फक्त ते दार. दार उघडलं की करंट तुटतो.

छायाताईंना सगळं सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण खोटं बोलायला जीभ वळेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भिंतीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पाळणा ह्या भिंतीलाच लागून आहे हो पलीकडं."

मी खाली बसलो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी लोकांच्या घरात बसून रडलो, सांगायला लाज वाटत नाही. मग उठलो. तार उपटून काढली. पिशवी उलटी केली, काड्यापेटी सापडली, फ्यूज बसवला. पिशवीत एक नवा थर्मोस्टॅट होता, तो टाकला. पाइप धुतला, लव बादलीभर निघाली. मच्छरदाणी कापून टाकली आणि मोठ्या भोकांची जाळी लावली. एवढं मन लावून मी माझ्या बहिणीच्या घरीही काम केलेलं नाही.

"आता चालू करून आपण दोघं हॉलमध्ये बसायचं," मी म्हटलं. "उघडू दे दार, उघडलं तर."

बाळाला मांडीवर घेऊन छायाताई सोफ्यावर, मी समोर खुर्चीत. बाहेर पाऊस, आतून ड्रायरची गुरगुर. दोघांचेही कान तिकडे. दहा मिनिटं... वीस मिनिटं... त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. पस्तीस... चाळीस. टायमरची घंटी वाजली आणि मशीन आपलं आपण, शहाण्यासारखं थांबलं. दार बंदच.

"चालला की हो!" छायाताई एकदम मोठ्यानं म्हणाल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, तरी हसतायत. बाळ दचकून रडायला लागलं तर आणखी हसू. मलाही सुटलं. छातीवरून दगड उतरला हो. त्यांनी आलं घालून चहा केला आणि मी दोन कप प्यालो.

मग हत्यारं आवरायला बाल्कनीत गेलो.

रंगूमावशींचा तो पाट मी आलो तेव्हा दारामागं उभा करून ठेवलेला होता. काम करताना दोनदा माझा पाय त्याला लागला होता, म्हणून नक्की आठवतं. आता तो ड्रायरच्या समोर, जरा डाव्या अंगाला, जमिनीवर मांडलेला होता. शेगडीशी बसायला मांडतात तसा. चाळीस मिनिटं छायाताई माझ्या नजरेसमोरून हलल्या नव्हत्या, चहा करतानाही मला हॉलमधून दिसत होत्या. घरात तिसरं माणूस नव्हतं.

मी हात जोडले. हळू आवाजात म्हटलं, "मावशी, चुकलो. तार काढली. आता फ्यूज आहे." मग छायाताईंना हाक मारून पाट दाखवला. त्या बघत राहिल्या, बाळाला छातीशी धरलं, आणि म्हणाल्या, "राहू दे तिथंच. बसू दे त्यांना."

तुम्हाला वाटेल संपलं. माझी भीती संपली, हे खरं. तेव्हापासून कुणाच्याही घरी कुठलीही सेफ्टी मी डायरेक्ट करत नाही, गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही. आणि दर पावसाळ्यात बोरशांच्या ड्रायरची सर्व्हिसिंग मी स्वतः करतो. दार पुन्हा कधी उघडलं नाही. पोरगा आता शाळेत जातो.

फक्त एक आहे. असल्या मशीनच्या खोलीत लव फार उडते, कितीही जाळी लावा. वर्षभरात फरशीवर, खिडकीवर, मशीनच्या डोक्यावर पांढरा थर बसतो, मी जाऊन पुसतो. पाट अजून तिथंच आहे. छायाताई म्हणतात, त्या पाटाला आम्ही कुणी हात लावत नाही, झाडूसुद्धा बाजूनं फिरवतो.

पाटाच्या कडेला लव असते. मधे, बसायच्या जागेवर, एक धागासुद्धा नसतो.