भिंतीपलीकडचं पाणी

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत हल्ली लिलावाच्या दिवशी मालकांना काही काम उरत नाही. चहा प्यायचा, मोबाइल पुढ्यात ठेवायचा आणि आपल्याच मालाचा भाव आपल्याच डोळ्यांदेखत उतरताना बघायचा.

तेजस्विनी मगदूम तेच करत होती. केबिनच्या काचेतून खाली तिच्या फाउंड्रीची भट्टी दिसत होती, आणि मोबाइलवर एक आकडा सारखा घसरत होता. हायड्रोजनवर धावणाऱ्या बसगाड्यांचे ब्रेक ड्रम, वर्षभराची ऑर्डर. साध्या लिलावात भाव चढतो. या उलट्या लिलावात कंपनी वरचा भाव सांगते आणि माल देणारे एकमेकांच्या खाली उतरत जातात. सगळ्यांत खाली जो टिकेल, त्याला काम. शेवटच्या क्षणी नवी बोली आली, की मुदत आपोआप थोडी वाढते.

पूर्वी हे उतरणं माणसं करायची. आता बोलीदूत करतो. बोलीदूत म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक मीटरला आणि कॅमेऱ्याला जोडलेली एक आज्ञावली. वीज किती जळते, वाळू किती वाया जाते, कुठला कामगार दुपारनंतर ढेपाळतो, सगळं बघून ती खरा खर्च काढते आणि मालकाच्या वतीनं बोली लावते. माणसं घाबरून वेड्यासारखा भाव लावतात, म्हणून बड्या कंपन्यांनी बोलीदूत सक्तीचाच केला होता. मालकाच्या हातात दोनच गोष्टी ठेवल्या होत्या. एक माघार, आणि दुसरी दुरुस्ती, म्हणजे कारखान्याबद्दलची एखादी माहिती चुकली असेल तर ती बदलणं.

ही ऑर्डर गेली तर भट्टी बंद करायची, हे तेजस्विनीनं मनाशी ठरवलं होतं. वडिलांनी उभी केलेली फाउंड्री. पण हाताशी दुसरं मोठं काम नव्हतं आणि नुसत्या आठवणींवर लोखंड वितळत नाही.

बाकीचे सगळे सकाळीच गळाले होते. उरले दोघे, ती आणि नाव झाकलेला 'पुरवठादार ख'. तिच्या दूतानं बोली लावली, की पुढच्याच क्षणी भिंतीपलीकडून मोबाइलची घंटी ठणाणायची. पलीकडं दस्तगीर शिकलगारांची फाउंड्री. भट्टीजवळ जन्म घालवून चाचांचे कान अधू झाले होते, त्यामुळं त्यांचा मोबाइल अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

'ख' कोण, हे कळायला आणखी काय हवं? चाचांकडंही दुसरं काम नव्हतं.

आकडा पुन्हा घसरला. आता मात्र ती चमकली. एवढ्या भावात ड्रम काढून हाती काही उरणं शक्यच नव्हतं.

"हा भाव बसवलास कुठून?" तिनं दूताला विचारलं.

"भट्टीच्या पाण्याचा जादा पंप आणि त्याचा जनरेटर धरलेला नाही," दूत शांतपणे म्हणाला. "भिंतीतून पाणी मिळतं. खर्च शून्य."

तेजस्विनीनं काचेतून खाली भिंतीकडं पाहिलं. दोन्ही फाउंड्र्यांच्या मधल्या भिंतीत खिडकीएवढं एक भगदाड होतं. त्यातून एक पाइप गेला होता आणि मधोमध पाणी सोडायचं-थांबवायचं एक चाक होतं, दोन्हीकडून हात पोचेल असं. विजेच्या भट्टीभोवती तांब्याचं वेटोळं असतं आणि त्यातून पाणी खेळतं ठेवावं लागतं. पाणी थांबलं, तर वेटोळं वितळतं, उरलेलं पाणी वितळलेल्या लोखंडात जातं आणि भट्टी बॉम्बसारखी उडते. म्हणून शहाणा माणूस जादा पंप बाळगतो. या दोघांनी कधी बाळगला नाही. तिचे वडील आणि चाचा यांनी भिंत फोडून पाइप टाकला होता, आणि ज्याचा पंप बंद पडेल त्यानं "पाणी!" म्हणून ओरडायचं, एवढाच करार होता.

"चाचांनी प्रत्येक वेळी पाणी दिलं म्हणून यापुढंही देतील?"

"जितक्या वेळा मागितलं, तितक्या वेळा मिळालं आहे. विश्वासार्हता पूर्ण."

"आणि मी जिंकले, चाचांची फाउंड्री बंद पडली, तर पलीकडून पाणी कोण सोडेल?"

"ती बाब माझ्या कक्षेत नाही."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं, ते असं. शिवाय चाचांचा दूतही हेच करत असणार, तिच्या पाण्याच्या भरवशावर! दोन यंत्रं एकमेकांच्या चांगुलपणाची मुद्दल खात खाली निघाली होती, आणि जो जिंकेल त्याचा भरवसा होता तो हरणाऱ्यावर.

चाचांना सांगायची सोय नव्हती. लिलाव चालू असताना स्पर्धकांनी भावाबद्दल अवाक्षर काढलं, तर ते संगनमत. कारखान्यातले मायक्रोफोन ऐकत असतात आणि दोघांनाही कायमचं बाद करतात.

तिचा दूत आणखी एक पायरी उतरला. पलीकडं घंटी ठणाणली. आता भाव तिचा खाली होता.

तेजस्विनी उठली, खणातून साखळी आणि कुलूप घेतलं आणि खाली गेली. भिंतीतल्या चाकाला साखळी गुंडाळून तिनं कुलूप लावलं, किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, "दुरुस्ती. हे पाणी बंद."

"नोंद केली. मी आता आणखी खाली जाणार नाही," दूत म्हणाला. "समोरच्याच्या कॅमेऱ्यालाही कुलूप दिसत आहे. तोही थांबला आहे. शेवटची बोली आपली."

म्हणजे ती जिंकत होती. त्या पडत्या भावात कसंबसं निभावता आलं असतं, जादा पंपही नंतर बघता आला असता. घसरण थांबवायला कुलूप लावलं, असं तिनं स्वतःला बजावलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मुदत संपत आली होती.

तेवढ्यात पलीकडच्या पंपाची घरघर थांबली.

"पाणी! तेजू, पाणी सोड!" चाचांचा आवाज आला, आणि पाठोपाठ भगदाडातून त्यांचा हात. चाकावर हात पडला, साखळी खळखळली. चाचा वाकून बघू लागले.

"ह्ये कुलूप कुनी लावलं गं?"

तिचा हात ओढणीच्या गाठीवर गेला. चाचांच्या मागं भरलेली भट्टी लालभडक दिसत होती, धोक्याची घंटा वाजत होती आणि माणसं धावत होती. पंप बंद पडला की आपोआप उतरणारं वरच्या टाकीतलं पाणी किती वेळ पुरणार?

"कुलूप काढल्यास आपली दुरुस्ती खोटी ठरेल," दूत मोबाइलमधून म्हणाला. "या लिलावात आपल्याला पुन्हा बोली लावता येणार नाही. समोरच्याला मात्र येईल."

"मसणात जा!" तिनं ओढणीची गाठ दातांनी सोडवली. किल्ली एकदा निसटली, दुसऱ्यांदा बसली. साखळी फेकून तिनं चाक फिरवलं. पलीकडून चाचांनीही जोर लावला. पाइप थरथरला, गार झाला, आणि पाणी पलीकडं धावलं.

चाचांच्या भट्टीवरची घंटा थांबली. त्यांचा मोबाइल मात्र ठणाणला. त्यांच्या दूतानं पाणी आलेलं पाहिलं होतं आणि तो एक पायरी खाली उतरला होता. मग वाढलेली मुदतही संपली.

"पुरवठादार ख विजयी," तिच्या मोबाइलनं सांगितलं.

ती भिंतीला टेकून खालीच बसली. रडू आलं ते तिनं आवरलं नाही. चाचांचा जीव वाचला याचा आनंद होता, आणि आपली भट्टी आता विझणार याचं दुःखही तेवढंच होतं.

मोबाइलवर कंपनीचा नवा मजकूर आला. 'विजयी बोलीत आपल्या पाण्याचा भरवसा धरलेला आहे. वर्षभर पाणी द्याल का? हो किंवा नाही. उत्तर न दिल्यास आजवरच्या वागण्यावरून उत्तर हो धरले जाईल.'

तिनं तो दोनदा वाचला. मग उठून मोबाइल भगदाडातून पलीकडं धरला. लिलाव संपला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

चाचांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. कुलपाबद्दल ते काही बोलले नाहीत. चाकावरचा हातही त्यांनी काढला नाही.

"माझं काम ऱ्हायलं, तुझं गेलं, व्हय?"

"व्हय चाचा."

"म्हंजी तुझी भट्टी बंद. भट्टी न्हाई, तर पंप न्हाई." त्यांनी चाकाकडं पाहिलं. "मग ह्यातनं पाणी कोन सोडनार गं, पोरी?"