पहिली मूठ

"पहिली मूठ भुईची बाई, तिला ताजवा लावू नये,
जिनं पोसलं कंदाला, तिचा घास मोजू नये…"

कुरुंद्याला मामांकडे हळद शिजायची तेव्हा शकुमामी हे गायची. कढईतून निघालेली पहिली मूठभर हळकुंडं ती वेगळी काढून ठेवी. ती विकायची नाहीत, तोलायची नाहीत. निवली की मातीत पुरायची. मामी जाऊन तीन वर्षं झाली. तिच्यामागं ती मूठ कुणी काढली नाही.

त्या सकाळी मात्र मला गाणं आठवायला सवड नव्हती. वसमतच्या तपासणी केंद्रात मी एका ओळीशी भांडत बसले होते. आमचं एनएमआर म्हणजे एक भलंमोठं चुंबक. बारीक काचनळीतल्या हळदीच्या अर्कात काय काय आहे ते त्याला कळतं. नळ्या आपोआप बदलायला एक स्क्रिप्ट लागते. आदल्या दिवशी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली आणि स्क्रिप्ट कंपाइल होईना, म्हणजे यंत्राला ती वाचताच येईना.

ओळ सतरा : नमुना एक ओळखता येत नाही.

मी वरती एक ओळ लिहून त्याची ओळख करून दिली. सेव्ह. कंपाइल. ओळ सतरा. फाइल पुन्हा उघडली, तर माझी ओळच नव्हती.

"शिवहार, या संगणकाला हात लावला का तुम्ही?" मी मदतनीसाला विचारलं.

"न्हाई मॅडम. तुमी उठल्याच कुठं तिथून?"

तेही खरंच. जुनी प्रत आणली, दुसऱ्या संगणकावर सगळी स्क्रिप्ट नव्यानं टंकली, पेन ड्राइव्हनं इकडं घेतली. ओळ सतरा. चहा गार झाला. डोळे चुरचुरायला लागले.

दारातून तातेरावमामा, शकुमामीचे यजमान, डोकावले. चोवीस शेतकऱ्यांच्या गटाचे ते पुढारी. गटाचा माल ट्रकमध्ये भरून उभा होता आणि पाचला निघायचा होता. चोवीसांतला एक नमुना जरी बाद झाला, तरी सगळ्यांची हळद माघारी जाणार होती.

"काहून गं अंजली? मशीन रुसून बसली का?"

"बसली मामा. पहिल्याच नळीवर अडून राहिली."

"पहिली म्हंजे माझी?"

"तुमचीच."

ते हसले नाहीत. एरवी हसले असते.

साडेतीन झाले. वैतागून मी सतराव्या ओळीतला एक पुसला, दोन लिहिला. दुसऱ्या नळीपासून सुरू.

कंपाइल झालं. एका दमात.

यंत्रानं दुसरी नळी उचलली, मग तिसरी. आलेख सरळ, स्वच्छ येत होते. पहिली हातानं लावू म्हणून मी ती नळ्यांच्या चकतीतून काढायला गेले आणि बोट झटकलं.

नळी पोळत होती.

खोलीचं तापमान वीस अंश. शेजारची नळी गार. तिच्या शेजारचीही गार.

मी रुमालानं ती उचलली. बंद खोलीत वास पसरला. कढईचं झाकण काढल्यावर येतो तो, वाफेचा, ओल्या मातीचा.

शिवहारनं नाकाला हात लावला. "हळद कुठं शिजून राहिली, मॅडम?"

मी बाहेर आले. मामा बाकावर बसले होते, टोपी मांडीवर.

"मामा, ही हळद कुठली?"

"ढिगातली. बराबर हाय."

मी नळी त्यांच्यापुढं धरली. त्यांनी हात पुढं केला नाही.

"माझ्या ढिगाला बुरशी हाय, पोरी," ते खाली बघत म्हणाले. "तेवीस जणांचा माल माझ्यापायी माघारी गेला असता. म्हनून दुसरी दिली."

"कुणाची?"

त्यांनी टोपीची कड चुरगाळली.

"कढईपाशी मूठभर हळकुंडं ठेवलेली व्हती. परवा सकाळी. शकू ठेवायची तिथंच."

"कुणीतरी शिजवून ठेवली असतील."

"चार दिस झाले कढई पालथी हाय." त्यांनी हात उलटा करून तळवा दाखवला. बोटांच्या पेरांवर फोड आले होते. "उचलली तवाबी अशीच पोळत व्हती, अंजली."