प्रयागहून पायी

माझ्या बायकोच्या, सरोजिनीच्या चष्म्याची काडी मोडली, एवढंच निमित्त. बुधवार पेठेत एक दुरुस्तीवाला आहे, जुना चष्मा बघून तो नाक मुरडत नाही. जेवण झाल्या झाल्या मी निघालो. "आत्ता कोण उघडं असणार?" असं ती म्हणाली आणि बरोबरच म्हणाली. पुण्यात जन्म काढूनही दुपारी एकनंतर एखादं दुकान उघडं सापडेल अशी आशा माणसाला का वाटते, हे मला आजवर कळलेलं नाही. शटर खाली होतं आणि वर पाटी: 'दुपारी बेल वाजवू नये. आम्ही मेलेलो नाही, झोपलो आहोत.' मी स्वतःशीच हसलो आणि परत फिरलो.

कसब्यात शिरलो तेव्हा तांबट आळीतली ठोकाठोकी जेवणासाठी थांबली होती. दिवसभर कानात असलेला आवाज थांबला की आपण बहिरे झालो असं वाटतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वैशाखातलं ऊन, तापलेल्या पत्र्यांचा वास, आणि त्यात मिसळलेला दुसराच एक वास. ओल्या लाकडाच्या धुराचा आणि नदीच्या गाळाचा.

माझ्यापुढे एक माणूस चालत होता. नखशिखान्त राखाडी. एवढ्या उन्हात त्याच्या अंगावरून पाणी गळत होतं आणि फरशीवर पडलं की लगेच वाळत होतं. तो आमच्याच इमारतीत शिरला आणि तळमजल्यावर तुळजाबाईंच्या दारासमोर थांबला. त्याने दार वाजवलं नाही. नुसता उभा राहिला. जिना चढण्यासाठी मला त्याच्या शेजारून जावं लागलं, तेव्हा चेहरा दिसला. ते श्रीनिवास होते, तुळजाबाईंचे यजमान. चैत्रात मीच त्यांना खांदा दिला होता.

मी वर आलो आणि कडी लावली. सरोजिनीला म्हणालो, "दुकान बंद होतं."

पुढे सगळ्यांनाच असे गेलेले लोक दिसू लागले. नदीतून वर यायचे, दुपारी, गल्ल्या रिकाम्या असताना, आणि आपापल्या दारासमोर उभे राहायचे. ओरडत नसत, अंगावर येत नसत, बोलत तर कधीच नसत. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. राख म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. राखेतून माणूस उभा राहत नाही हेही ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्याचा काही उपयोग झाला नाही.

आमच्या आमोदला मी हेच ऐकवायचो. आमोद आमचा एकुलता एक. नोकरी हडपसरला, आणि वेड झोंबींच्या गोष्टींचं. मित्रांना घेऊन एक छोटी फिल्म करायची म्हणून त्याने गोष्ट लिहिली होती आणि मोठ्या हौसेने मला वाचून दाखवली. संपली तेव्हा मी विचारलं, "यात झोंबी कुठाय?"

"बाहेर आहेत ना, बाबा."

"एकदाही दिसला नाही. झोंबी नसलेली झोंबीकथा म्हणजे साबुदाणा नसलेली साबुदाण्याची खिचडी. आणि आपल्याकडे झोंबी यायचे कुठून? आपण माणसं जाळतो. राखेला कसले आलेत हातपाय?"

"बाबा, झोंबी म्हणजे फक्त प्रेशर असतं हो. स्टोरी आतल्या लोकांची असते. दार कोण उघडतं, कोण नाही, बास."

"मग सरळ दारावर निबंध लिही," मी म्हणालो. तो चिडला, मग हसला. गेल्या दिवाळीनंतर कामावरून परत येताना ट्रकने त्याच्या दुचाकीला उडवलं. ती फिल्म झालीच नाही.

आता सांगतो, त्याचं खरं होतं. बाहेर उभ्या असलेल्यांची भीती चार दिवसांत सरली. लोक त्यांना वळसा घालून दूध आणायला जाऊ लागले. भीती आत होती. ज्यांनी दार उघडलं नाही ते घरातल्या घरात रडून रडून सुकत होते, आणि ज्यांनी उघडलं त्यांची तऱ्हा तुळजाबाईंसारखी झाली. त्यांनी तिसऱ्या दिवशी श्रीनिवासरावांना आत घेतलं. पहिल्यांदा आम्हाला सांगायच्या, "अहो, काही त्रास नाही. बसून असतात." मग त्या सांगायच्या बंद झाल्या. मग दारात दुधाच्या पिशव्या साठून नासू लागल्या. मी एकदा खिडकीतून डोकावलो. दोन खुर्च्यांवर दोघं बसलेली होती आणि दोघंही राखाडी होती. तुळजाबाईंचा श्वास चालू होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळख दिली नाही.

महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगून गेली: दारं लावून घ्या, ओळखीचं कुणी दिसलं तरी आत घेऊ नका. जसं काही लोक अनोळखी माणसांसाठीच दार उघडत होते!

आमच्या दाराशी मात्र कुणीच आलं नाही.

सरोजिनी रोज जेवण उरकून दारामागे खुर्ची टाकून बसायची. जिन्यावर जरा खुट्ट झालं की उठायची. ते दुसऱ्या कुणाचं तरी माणूस असायचं. एके दुपारी ती तिथूनच म्हणाली, "अहो, मला कळलं तो का येत नाही ते."

"काय?"

"ज्यांच्या अस्थी इथे मुठेत सोडल्या ते आधी आले. मग आळंदीला सोडलेले. कुलकर्ण्यांच्या आजी परवा आल्या, त्यांना नाशिकला नेलं होतं." ती माझ्याकडे बघत होती. "आपण आमोदला प्रयागला नेलं."

नेलं होतं. एकुलत्या एका मुलाचं सगळं नीट व्हावं म्हणून आगगाडीने त्रिवेणीपर्यंत गेलो होतो. नावेत बसून, मंत्र म्हणून, दोघांनी मिळून तो कलश रिकामा केला होता.

"म्हणजे तो चालतोय," सरोजिनी म्हणाली. "प्रयागहून पायी येतोय माझा मुलगा."

त्यानंतर आमच्या घरात बातम्या बंद झाल्या नाहीत. जबलपूरच्या रस्त्याने राखाडी माणसांची रांग चाललेली दाखवायचे, आणि ती पडद्याला नाक लावून एकेक चेहरा बघायची. पुढे नागपूरच्या अलीकडची चित्रं आली तेव्हा रांग विरळ झाली होती. चालून चालून त्यांचे पाय झिजत होते. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी राखेचे ढीग होते आणि गाड्या गेल्या की ते उडत होते. मग वाहिन्यांना दुसरे विषय मिळाले आणि चित्रं यायची थांबली. सरोजिनीने टीव्ही बंद केला. त्या दिवशी ती जेवली नाही.

आमच्या समोरच्या घरात पियुष राहायचा. आमोदच्याच वयाचा मुलगा, डेंग्यूने गेला. त्याच्या अस्थी इथेच सोडल्या होत्या, त्यामुळे तो लवकर आला. त्याला दारात बघून त्याच्या आईवडिलांनी कुलूप घातलं आणि ते हडपसरला नातेवाइकांकडे निघून गेले. मी त्यांना दोष देत नाही. पण तो त्या कुलपासमोरच उभा होता. दिवस नाही, रात्र नाही. आम्ही दार उघडलं की आमच्याकडे त्याची पाठ दिसायची.

मी एकदा भाजी घेऊन आलो, तर समोरची जागा रिकामी. फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते, ते आमच्या दारात शिरले होते. आत ओल्या धुराचा वास. आमोदच्या खुर्चीत पियुष बसला होता आणि सरोजिनी ताटं वाढत होती. तीन.

"सरोजिनी… हा पियुष आहे."

"माहितेय मला. आंधळी नाहीये मी."

"तुळजाबाईंचं काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं." तिने भाताची मूद ठेवली, वर वरण घातलं. "ह्याची आई पळून गेली. माझा असाच कुठेतरी कुणाच्या तरी दारात उभा असेल, पाय दुखत असतील त्याचे. मी ह्याला आत घेतलं, तर तिकडे त्याला कुणीतरी घेईल. घेईल ना हो?"

हाताला धरून पियुषला बाहेर काढणं मला शक्य होतं. मी काढलं नाही. त्या रात्री माझी बायको कित्येक महिन्यांनी शांत झोपली, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं.

पहिल्यांदा ती त्याला 'बाळ' म्हणायची. मग एकदा जेवताना सहज म्हणाली, "आमोद, थोडा भात वाढू?" मी मान वर केली नाही. ताट रोज जसंच्या तसं परत जायचं. हळूहळू तिचंही तसंच परत जाऊ लागलं. ती दिवसभर त्याचा हात हातात घेऊन बसायची. बोलणं कमी झालं. एका सकाळी मी तिच्या उशीचा अभ्रा झटकला, तर खिडकीतल्या उन्हात करडी भुकटी उडाली. मी पुन्हा झटकला. पुन्हा उडाली. मग मी अभ्रा तोंडावर दाबून धरला आणि रडलो. ती शेजारच्या खोलीत होती. ऐकू आलं असतं तर ती आली असती.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारीच, जिन्यावर आवाज झाला.

पावलांचा नव्हता. काठी टेकत कुणी वर यावं तसा, एक टेका, मग घसटत ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टेका. तांबट आळी केव्हाच गप्प झाली होती, त्यामुळे प्रत्येक पायरी ऐकू येत होती. आवाज आमच्या दाराशी येऊन थांबला. मी दाराच्या भोकातून बाहेर बघितलं.

नागपूर, अमरावती, सगळा मुलूख तुडवून तो आला होता. पाय घोट्यांपर्यंत झिजून गेले होते आणि उरलेल्या खुंटांवर तो भिंतीला धरून उभा होता. चेहऱ्यावर ओळखू येण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. पण डावा खांदा खाली झुकलेला होता. लॅपटॉपची बॅग वाहून वाहून आमोदचा खांदा तसा झाला होता आणि त्याची आई त्यावरून त्याला सारखी टोकायची.

"सरोजिनी," मी म्हणालो. "सरोजिनी, आमोद आलाय गं… चालत आलाय."

ती वळली नाही. फार लांबून यावेत तसे शब्द आले. "आमोद… इथे आहे."

मी कडीला हात घातला.

"बाबा."

माझ्या पाठीमागून. खुर्चीतून. ते कधीच बोलत नाहीत, आणि हा बोलला. आमोदच्या आवाजात. मी काही चुकीचं बोललो की वैतागून पण समजूत घालत तो जसा बोलायचा, अगदी तसा.

"बाबा, उघडू नका… तो मी नाही."

मी मागे बघितलं. चेहरा पियुषचा होता. सरोजिनी त्याच्या हातावरून हात फिरवत होती. पुन्हा भोकातून बघितलं, तर बाहेरच्याने कपाळ दाराला टेकवलं होतं. लाकडाच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. त्याने दार वाजवलं नाही. काही म्हणालाही नाही. ते बोलतच नाहीत ना.

मी उघडलं नाही.

तो उभा होता तोवर मीही उभा होतो. दुसऱ्या दिवशी दाराखालच्या फटीतून थोडी राख आत आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. मग भोकातून बघितलं तर बाहेर कुणी नव्हतं. दार उघडलं. पायपुसण्यावर ढीग होता, गुडघ्याएवढाही नाही. मी तो पितळी डब्यात भरला आणि झाकण लावलं. आता तो कुठे सोडायचा ते मला कळत नाही. जवळ सोडला तर लवकर येईल, आणि लांब सोडला तर पुन्हा चालावं लागेल.

सरोजिनी आता काहीच बोलत नाही. खुर्चीतलाही त्या दिवसानंतर एक शब्द बोललेला नाही. मी मात्र अजून तीन ताटं वाढतो. काल दुपारी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्याने हात उचलला आणि भाताचा घास घेतला. डाव्या हाताने.

आमोद डावखुरा होता. पियुष होता का, ते विचारायला गेलो, पण समोरच्या दाराला अजून कुलूपच आहे.