ऊनबहिरी

नवतपा, मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, लागला होता. टाकीच्या चौकात सिग्नल लाल झाला आणि दोनेकशे सायकली भर उन्हात थांबल्या. डाव्या हाताला, पाच पावलांवर, चांगला डेरेदार कडुनिंब होता. त्याच्याखाली एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं आणि एक म्हातारी बसली होती. बाकी सगळी सावली रिकामी. पारा सत्तेचाळिसावर असताना एकाही सायकलवाल्यानं हँडल तिकडं वळवलं नाही. कशाला वळवेल? ऊन कोणाला लागतच नव्हतं.

"आई, पोळून राहिलं," मागून ओवी म्हणाली.

"आता काय पोळते?" प्रणालीनं मान न वळवता विचारलं.

"सीट. अन् हवा पण."

"हवा कुठं पोळते का, बावळे? बस चुपचाप."

सहा वर्षांची ओवी कॅरिअरवर बसवलेल्या लोखंडी खुर्चीत होती. शाळेला सुट्ट्या. एरवी ती आजीजवळ राही, पण आजी लग्नाला राजुऱ्याला गेली होती. म्हणून प्रणाली निमगडेनं आज पहिल्यांदाच लेकीला सायकलवर घेतलं होतं. दुपारपाळी गाठायची, पोरीला कामावरच्या पाळणाघरात सोडायचं. तासाभराचा रस्ता. निम्मा झाला होता.

काम सर्व्हरघरात. सर्व्हरघर म्हणजे जगभरचे हिशेब आणि फोटो सांभाळणाऱ्या यंत्रांचं कोठार. यंत्रांना उष्मा सोसत नाही, म्हणून तिथं बारमाही अठरा अंश. ती थंडी पुरवायची तर वीज लागते. म्हणून उन्हाळाभर चंद्रपुरात दुचाकी चार्ज करायला बंदी. मोठ्या गाड्यांना परवाना मिळे, ज्याला मिळे त्याला. बाकीच्यांनी सायकल मारायची. आणि मे महिन्याच्या दुपारी चंद्रपुरात सायकल मारणारा माणूस मरतो. पहिल्या दोन उन्हाळ्यांत मेलेच. मग शहाणी माणसं थंड खोलीत बसली आणि त्यांनी विचार केला. ऊन कमी करायचं तर यंत्रं बंद ठेवावी लागणार होती. माणूस दुरुस्त करणं स्वस्त पडलं.

त्या दुरुस्तीचं नाव 'अदाह'. लोक तिला गार सुई म्हणत.

उन्हाशी लढायला शरीराकडं दोन हत्यारं असतात. एक घाम. तो आपोआप येतो, कोणाला विचारत नाही. दुसरं हत्यार म्हणजे जीव घाबरा होणं. कातडीतल्या बारीक नसा गरम हवा ओळखतात, मेंदूच्या तळाशी असलेल्या बदामाएवढ्या भागाला कळवतात, आणि तो भाग माणसाला हैराण करून सोडतो. थांब, सावलीत जा, पाणी पी. ही हैराणी खऱ्या धोक्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. तो मधला वेळ कारखानदारांच्या डोळ्यांवर आला. शरीर अजून काम करू शकतं आणि माणूस मात्र झाडाखाली बसलाय, हे त्यांना बघवेना. अदाह त्या नसांचं तोंड बांधून टाकते. घाम येतो, चटकाही उशिरानं का होईना कळतो, पण उष्मा म्हणून काही जाणवत नाही, गारही नीट कळत नाही. मनगटावर एक पट्टा असतो. अंगाचा आतला ताप वाढला की तो हिरव्याचा पिवळा होतो, मग लाल होऊन थरथरतो. लाल झाल्यावर थांबायचं. त्याआधी थांबला तो कामचुकार.

डॉक्टर या अवस्थेला उष्मबधिरता म्हणत. चौकातली भाषा सोपी असते. कानानं बहिरा तसा उन्हानं बहिरा, म्हणून ऊनबहिरा. सोळा ते साठ वयाचं अर्धं शहर आता ऊनबहिरं होतं, कारण त्याशिवाय गेटमधून आत घेत नसत. प्रणालीला चौथं वर्ष. तवा तापला का हे हात धरून कळेना, तेव्हा ती पाण्याचा थेंब टाकून बघायला शिकली. आंघोळीच्या बादलीत बोट मात्र ओवीच बुडवायची आणि सांगायची, "आई, अजून गरम आहे." दोघींना तो खेळ वाटे.

"आई, पाणी."

प्रणालीनं हँडलला अडकवलेली बाटली मागं दिली. ओवीनं घोट घेतला आणि थुंकला.

"चहासारखं आहे ते."

"नखरे नको करू हं ओवी. मी पण तेच पिते न?"

या चौकातला सिग्नल लांबलचक. आधी कोळशाचे ट्रक सोडत, मग माणसं. प्रणालीनं मनगट पाहिलं. हिरवं. शेजारचा कोणी मोबाईलवर हसत होता, पुढच्या दोघी भाजीच्या भावावरून बोलत होत्या. सगळ्यांच्या पाठी घामानं भिजलेल्या आणि चेहरे निवांत, जसे डिसेंबरात असतात.

निघाल्यापासून ओवीची कुरकुर चालू होती. आता ती थांबली. पाठीवर तिच्या डोक्याचं ओझं आलं. झोपली एकदाची, असं प्रणालीला वाटलं आणि तिला बरं वाटलं.

हिरवा दिवा लागला. सायकली हलल्या. तेवढ्यात निंबाखालची म्हातारी उठली आणि प्रणालीच्या पुढच्या चाकासमोर येऊन उभी राहिली.

"उतरव त्या पोट्टीले."

"आजी, सरका न. दुपारपाळी चुकते माझी."

"उतरव म्हणते न माय."

"झोपली आहे ते."

"अशी झोपते का कोणी?" म्हातारीनं ओवीच्या गालाला हात लावला आणि झटक्यानं मागं घेतला. "तवा झाली हे. पाह्य तू हात लावून."

मागून लोक ओरडायला लागले. प्रणालीनं सायकल टेकवली, वळली, लेकीच्या कपाळावर तळवा ठेवला.

हातानं काहीच सांगितलं नाही.

कपाळ होतं, मऊ होतं, कोरडं होतं. घाम नव्हता. पण गरम की गार? तिनं दुसरा हात लावला. मग गाल लावला, ओठ लावले. पोरगी उकळत होती की बर्फ झाली होती, आईला कळेना. तिनं मनगट पाहिलं. पट्टा हिरवा होता. तो तिचा होता.

"आजी," ती म्हणाली, "मले समजून नाही राहिलं."

म्हातारीनं निंबाखालचं पाण्याचं मडकं उचलून आणलं आणि ओवीच्या डोक्यावर रिकामं केलं.

*

दवाखाना टाकीच्या मागंच होता. गार सुया तिथंच टोचत. म्हातारी सोबत आली. रंजनाबाई वाढई तिचं नाव. वय साठीच्या पार, म्हणून तिला सुई नाही. घर पत्र्याचं, म्हणून दुपार निंबाखाली काढायची. ऊन बाधू नये म्हणून पदराच्या गाठीत कांदा बांधलेला.

डॉ. ऋत्विक पेंढारकरांनी वेळ दवडला नाही. ओवीला बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरीत गुंडाळलं, सलाईन लावलं. तापाच्या काट्यावर एक्केचाळीस पूर्णांक आठ आले. तासाभरानं अडतीस. ओवीनं डोळे उघडले आणि आईकडं न बघता भिंतीकडं तोंड केलं.

"वाचली," डॉक्टर म्हणाले. "अजून थोडा उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं."

"सर, माझा हात काहून नाही सांगत मले?"

"त्याच नसा आहेत, प्रणालीताई. ऊन ओळखायला वेगळ्या आणि ताप ओळखायला वेगळ्या, अशी शरीरात सोय नसते. बाहेरचं गरम बंद केलं की दुसऱ्याच्या अंगाचं गरमही बंद होतं. म्हणून तर आम्ही थर्मामीटर वापरा म्हणून सांगतो."

"सायकलवर?"

कोपऱ्यात रंजनाबाई पदरानं वारा घेत होती.

"डॉक्टर, एक सांगू का? रागावू नका. हा लेकरायचा वॉर्ड आहे की वीटभट्टी?"

"का, काय झालं?"

"तुमचा कूलर बंद हाय. तो तापाचा काटा खाटेवरच्यांसाठी, भिंतीवरचा पाहत नाही का तुम्ही?"

पेंढारकरांनी भिंतीवरच्या काट्याकडं पाहिलं. बेचाळीस. त्यांनी नर्सकडं पाहिलं. नर्सनं कूलरकडं पाहिलं. पंखा फिरत नव्हता, वाळ्याचे पडदे कोरडे ठाक झाले होते. नर्स म्हणाली, परवा लाईट गेली होती, तेव्हापासून असेल. तिलाही सुई होती. डॉक्टरांनाही. शिपायालाही. खाटांशी बसलेल्या सगळ्या आयांनाही. आठ खाटांवर आठ पोरं.

"कोणी तक्रार नाही केली," नर्स म्हणाली.

"पोट्टे रडले नाही का?"

"रडतात हो. पण लहान मुलं रडतातच."

धावपळ झाली, कूलर चालू झाला, बर्फ आला. मग डॉक्टर परत आले. ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते खुर्ची ओढून बसले आणि समजावून सांगायला लागले.

"हे बघा, आजच्यासारखं पुन्हा होऊ नये म्हणूनच नियम बदलतोय. सोमवारपासून वयाची अट पाच वर्षं. ओवीलाही देता येईल, पट्ट्यासकट. तुम्ही हो म्हणालात तर सोमवारपर्यंत न थांबता इथूनच देऊन पाठवतो. तिला कसलाही त्रास होणार नाही."

"त्रास होणार नाही. अन् ताप?"

"ताप पट्टा सांगेल."

"पट्टा बंद पडला तर? कूलर पडला तसा?"

"प्रत्येक गोष्टीत शंका काढली तर..."

"शंका नाही सर, विचारून राहिली. आता इथं गरम हाय म्हणून कोणी सांगितलं? आजीनं. आजी मेली, पोट्ट्यायले सुया दिल्या, मग रडणार कोण?"

"कोणीच नाही," पेंढारकर म्हणाले. "तोच तर फायदा आहे."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण ते उठले आणि सलाईनची नळी उगाच नीट करू लागले.

भिंतीकडं तोंड केलेली ओवी तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"आई, मले दे न सुई. मग मी कटकट नाही करणार. तू रागावणार नाही."

प्रणालीनं तिच्या अंगावरची चादर नीट केली. मग म्हणाली, "सर, या सुईचा उतारा असते म्हणे."

"असतो. पण तुम्ही विचार करा. रात्रभरात सगळ्या नसा जाग्या होतात, आणि पहिले काही दिवस दुप्पट जोरानं. बाहेरचं ऊन तुम्हाला सहन होणार नाही. आणि सर्व्हरघरात तुम्हाला उद्यापासून कोणी उभं करणार नाही. घर तुमच्यावर आहे ना?"

"माझ्यावरच आहे."

"मग?"

"तुमचं लेकरू आहे का सर?"

"आहे. चार वर्षांचा मुलगा."

"सायकलवर जाते?"

डॉक्टरांनी नळी सोडली. उतारा आणायला ते स्वतः गेले.

*

पहाटे खाटेची लोखंडी दांडी गार लागली. चार वर्षांत पहिल्यांदा. मग चादर कोमट लागली, मग स्वतःचाच श्वास. प्रणालीनं ओवीच्या कपाळावर हात ठेवला आणि हात बोलला. ऊब. जिवंत लेकराची असते तेवढीच, जास्त नाही. ओवी झोपेत तिच्या कुशीकडं वळली. प्रणालीनं बराच वेळ हात काढला नाही.

दवाखान्यातून सोडायला त्यांनी दुपार केली. दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि कोणीतरी तोंडावर कढई उपडी केल्यासारखं झालं. प्रणाली मागं सरकली. याच उन्हात आपण लेकीला तासभर बसवणार होतो. याच उन्हात म्हणालो, हवा कुठं पोळते का.

ओवीच्या डोक्यावर ओला दुपट्टा घालून, तिला कडेवर घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं ती चौकात आली. सायकल निंबाला साखळीनं बांधलेली होती.

निंब नव्हता. हातभर खुंट होता, त्याला सायकल आणि भोवती ताजा भुसा. रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदारानं सकाळीच पाडला होता. रंजनाबाई जाहिरातीच्या फलकाच्या सावलीत बसली होती. चटईएवढी सावली, तीही सरकणारी. कुत्रंही तिथंच. फलकावर हसरी सायकलस्वार मुलगी होती आणि अक्षरं होती: ऊन? कुठं आहे?

"कोणाले पुसलं नाही का आजी, तोडताना?"

"पुसलं न त्यानं. उभं राहून पुसलं सिग्नलवरच्या लोकायले. कोणालेच लागत नव्हता तो."

सिग्नल लाल झाला. सायकली येऊन उभ्या राहिल्या. चटईएवढ्या सावलीत दोन बाया, एक पोरगी आणि एक कुत्रं अंग चोरून बसलेली पाहून पुढच्या रांगेतला एक पोट्टा हसला.

"काय वो ताई, ऊन लागून राहिलं का?"

हसू मागपर्यंत गेलं. प्रणालीचं लक्ष नव्हतं. ती रस्त्याच्या पलीकडं बघत होती. तिथं एका सायकलच्या कॅरिअरवर नारिंगी टोपी होती. टोपीखालचं लेकरू आईच्या पाठीवर डोकं टेकून गप्प होतं. आईच्या मनगटावर पट्टा हिरवा होता.

"ओ ताई," प्रणाली ओरडली. "लेकरू उतरवा ते. सावलीत घ्या."

बाईनं वळून पाहिलं. चेहरा शांत, थोडा वैतागलेला.

"झोपलं आहे ते," ती म्हणाली.

दिवा हिरवा झाला. नारिंगी टोपी गर्दीत निघाली.

प्रणालीनं ओवीला म्हातारीच्या मांडीवर बसवलं, साखळी काढली, नारिंगी टोपीच्या मागं जायला हँडल धरलं. तळहाताला चर्र झालं, डोळ्यांत पाणी आलं. तिनं मूठ सोडली नाही.